वर्षं मोजायची कुठपासून?

पिंपरी कॅम्पातल्या कपड्यांच्या दुकानांत दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. शगुन चौकातली गर्दी पाहून कुणाला वाटणारही नाही की या बाजारपेठेच्या मुळाशी निर्वासितांची छावणी आहे. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं इथे बराकींमध्ये येऊन राहिली. पुढे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण सिंधमधून येणं १९४८ मध्ये थांबलं नाही. सक्कर, घोटकी, जेकबाबाद, लारकाना या भागांतले हिंदू सिंधी पुढच्या प्रत्येक दशकात थोडेथोडे येतच राहिले. कुणी भावाकडे आलं, कुणी मावशीकडे, कुणी लग्न करून.

अशा घरांमध्ये कपाटाच्या लॉकरमध्ये सोन्याच्या शेजारी एक फाइल असते. तिच्यात हिरव्या रंगाचा पाकिस्तानी पासपोर्ट, व्हिजाच्या झेरॉक्स, पोलिसांकडच्या नोंदणीचे कागद, घरभाड्याचे करार, शाळेचे दाखले आणि शपथपत्रं असतात. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत ही फाइल जाड होत जाते. घरातली चर्चाही पुन्हापुन्हा एकाच प्रश्नावर येते. आपली वर्षं मोजायची कुठपासून? विमानतळावर किंवा वाघा-अटारीला शिक्का बसला त्या दिवसापासून, दीर्घ मुदतीचा व्हिजा मिळाला त्या दिवसापासून, की लग्न झालं त्या दिवसापासून? मधेच एका कारणाचा व्हिजा सोडून दुसऱ्या कारणाचा घेतला, तर आधीची वर्षं हिशोबात धरतात की वाया जातात?

प्रश्न कोरडा वाटतो, पण माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या उत्तरावर उभं असतं.

कॅम्पातल्या पहिल्या पिढीला हा हिशोब फार सोपा होता. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवली. आलेला माणूस स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाचाही जन्म अखंड भारतात झालेला असेल, तो त्या तारखेआधी आलेला असेल आणि तेव्हापासून इथेच राहत असेल, तर तो नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्याला अधिकाऱ्यापुढे नोंदणी करावी लागे, आणि अर्जाआधी सहा महिने इथे राहिलेलं असणं एवढीच निवासाची अट होती. दोन देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिजाची पद्धतच १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीसाठी सहा महिन्यांचाच निवास पुरत होता. १९८६ च्या दुरुस्तीने तो पाच वर्षांचा केला. २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षांचा केला आणि ही दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. आजोबांना सहा महिन्यांत जे मिळालं, त्यासाठी नातवाला सात वर्षं आणि काही वेळा त्याहून जास्त थांबावं लागतं.

या थांबण्याच्या काळाला आधार असतो तो एलटीव्हीचा, म्हणजे लाँग टर्म व्हिजाचा, दीर्घ मुदतीच्या व्हिजाचा. भारतात परदेशी माणसासाठी ब्रिटन-अमेरिकेसारखं सर्वसाधारण कायम वास्तव्याचं कार्ड नाही. सिंधमधून आलेलं कुटुंब बहुधा नातेवाइकांना भेटण्याच्या व्हिजावर येत असे आणि त्याची मुदत संपण्याआधी एलटीव्हीसाठी अर्ज करत असे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन हा एलटीव्हीचा एक गट. भारतीय पुरुषाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी किंवा बांगलादेशी स्त्रिया हा दुसरा. मूळच्या भारतीय, पण पाकिस्तानात लग्न होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या आणि वैधव्य किंवा घटस्फोटानंतर आधार न उरल्याने माहेरी परतलेल्या स्त्रिया हा तिसरा. अर्ज ऑनलाइन होतो, चौकशी स्थानिक पोलीस करतात आणि मुदत संपण्याआधी तो वाढवून घ्यावा लागतो.

२०१६ पासून या सहा समुदायांतल्या एलटीव्हीधारकांचं रोजचं जगणं बरंच सुकर झालं. बँकेत खातं, पॅन कार्ड, आधार, वाहन परवाना, राहण्यासाठी एक घर आणि धंद्यासाठी एक जागा घेण्याची मुभा मिळाली. नागरिकत्वाच्या अर्जाची हजारो रुपयांची फी १०० रुपयांवर आली. त्याआधी कॅम्पात दहा-दहा वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसालाही गाळा दुसऱ्याच्या नावावर ठेवावा लागत होता.

एलटीव्ही ही थांबण्याची जागा झाली. तिथून नागरिकत्वाकडे जाणाऱ्या वाटा मात्र अनेक आहेत, आणि त्या समजून घेण्यातच खरी मेख आहे.

कायद्याच्या पाचव्या कलमात नोंदणीच्या वाटा दिल्या आहेत. पहिली भारतीय वंशाच्या माणसाची, सात वर्षांच्या निवासाची. दुसरी भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीची, तीही सात वर्षांच्या निवासाची. तिसरी भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांची. चौथी सज्ञान मुलांची, ज्यांचे आईवडील भारतीय वंशाच्या वाटेने नोंदणी होऊन किंवा सहाव्या कलमाने नागरिक झाले आहेत. पाचवी अशा माणसाची, जो स्वतः किंवा ज्याची आई वा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते. त्याला अर्जाआधी फक्त बारा महिने इथे राहिलेलं असावं लागतं. यांपैकी एकही वाट लागू होत नसेल, तर सहाव्या कलमाने नागरिकत्व मिळवण्याची लांबची वाट उरते. तिच्यात मागच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षांचा निवास आणि त्याशिवाय शेवटचं एक सलग वर्ष लागतं.

आता एक उदाहरण धरू. समजा, सक्करमध्ये १९९१ साली जन्मलेली एक मुलगी २०१६ मध्ये आईवडिलांबरोबर भेटीच्या व्हिजावर पिंपरीला काकांकडे आली. तिघांनाही अल्पसंख्याक म्हणून एलटीव्ही मिळाला. २०१९ मध्ये तिचं कॅम्पातल्याच एका भारतीय तरुणाशी लग्न झालं.

तिचे वडील १९६२ चे, जन्म पाकिस्तानातला. पण त्यांचे आईवडील फाळणीआधीचे, म्हणजे अखंड भारतात जन्मलेले, म्हणून वडील कायद्याच्या दृष्टीने भारतीय वंशाचे. आईचंही तसंच. २०२३ मध्ये सात वर्षं पुरी झाल्यावर ते पहिल्या वाटेने अर्ज करू शकतात. मुलीला मात्र ती वाट नाही. कायद्याची व्याख्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या जन्माशी थांबते, आजी-आजोबांपर्यंत जात नाही. घटनेने १९५० मध्ये आजी-आजोबा धरले होते, आजचा कायदा धरत नाही. त्यामुळे फाळणीआधी जन्मलेली पिढी सरत जाईल तशी भारतीय वंशाची ही वाट दरवर्षी अरुंद होत चालली आहे.

त्या मुलीपुढे दोन पर्याय उरतात. आईवडील नागरिक झाल्यावर त्यांची सज्ञान मुलगी म्हणून अर्ज करायचा, किंवा भारतीयाची पत्नी म्हणून. इथे कायदा तिच्या बाजूने आहे. पत्नीच्या वाटेतली सात वर्षं निवासाची आहेत, लग्नाची नाहीत. अर्जाच्या वेळी ती भारतीयाशी विवाहित असली पाहिजे आणि सात वर्षं इथे राहिलेली असली पाहिजे. त्यामुळे तिचा हिशोब २०१९ पासून नव्याने सुरू होत नाही, २०१६ पासूनच चालू राहतो. आधी आईवडिलांबरोबरची मुलगी म्हणून आणि नंतर सून म्हणून काढलेली वर्षं एकाच बेरजेत येतात.

कॅम्पातल्या अनेक घरांना नेमकं हेच ठाऊक नसतं. लग्नानंतर सात वर्षं थांबायचं असं समजून कित्येक जणी अर्जच उशिरा करतात.

बेरीज चालू राहते, पण ती तुटूही शकते. सात वर्षं म्हणजे अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. त्या शेवटच्या बारा महिन्यांत सिंधमध्ये वडील वारले म्हणून एखादी मुलगी महिना-दीड महिना जाऊन आली, तर अडचण उभी राहते. २०१५ च्या दुरुस्तीने विशेष परिस्थितीत तीस दिवसांपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, पण त्यासाठी कारण आणि कागद दोन्ही हवेत.

त्याहून मोठा धोका मुदतीचा. वैध कागदांशिवाय आलेला किंवा परवानगीच्या मुदतीपलीकडे राहिलेला परदेशी माणूस कायद्याच्या भाषेत ‘अवैध स्थलांतरित’ ठरतो, आणि अशा माणसाला पाचव्या-सहाव्या कलमांची दारं बंद होतात. आळस, गैरसमज, एजंटवर टाकलेला भरवसा किंवा पाकिस्तानी पासपोर्टची संपलेली मुदत, यांतल्या कशानेही एलटीव्ही वाढवायचा राहिला, की माणूस त्या रेषेपलीकडे जाऊ शकतो.

याचा फटका पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने नागरिक व्हायचं असेल, तर दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसलेला हवा. म्हणजे पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात बाळ जन्मलं, बाप भारतीय आहे, आईचा एलटीव्ही चालू आहे, तर बाळ भारतीय. आई त्या दिवशी अवैध स्थलांतरित ठरत असेल, तर त्याच बाळाचं नागरिकत्व वादात सापडतं. बाळंतपणाच्या धावपळीत एलटीव्हीची तारीख कोण बघतं? पण ती बघावी लागते.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने, म्हणजे सीएएने, या हिशोबात आणखी एक रेघ ओढली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. तीन देशांतल्या सहा समुदायांचे जे लोक ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आले, त्यांना अवैध स्थलांतरित मानलं जात नाही आणि सहाव्या कलमातल्या अकरा वर्षांऐवजी त्यांना पाच वर्षं पुरतात. नागरिकत्व मिळालं की ते भारतात आल्याच्या तारखेपासून धरलं जातं. अर्जाची छाननी करणाऱ्या जिल्हा समितीचा प्रमुख टपाल खात्याचा अधीक्षक असतो. १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रं देण्यात आली.

याचा परिणाम असा, की एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या वाटांवर उभे राहतात. २०१३ मध्ये आलेला सीएएखाली पाच वर्षांच्या निवासावर अर्ज करू शकतो. २०१५ च्या जानेवारीत आलेला जुन्या कायद्याखाली राहतो. त्याचे आईवडील फाळणीनंतरचे असतील आणि त्याची बायको भारतीय नसेल, तर त्याला बारा वर्षं पुरी व्हायची वाट पाहावी लागते. दोघांच्या येण्यात अंतर असतं जेमतेम दोन वर्षांचं, पण कागदावर ते किती तरी वाढतं.

जुन्या कायद्याखालच्या अर्जदारांना पुणे जिल्ह्यात एक मोठी सोय आहे. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्राने सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या समुदायांची नागरिकत्वाची प्रकरणं निकाली काढण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले: मुंबई, ठाणे, नागपूर आणि पुणे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्यात आली. पिंपरीच्या माणसाची फाइल त्यामुळे दिल्लीला न जाता पुण्याच्या कलेक्टर ऑफिसातच पूर्ण होऊ शकते. त्याआधी दिल्लीहून उत्तर यायला किती वर्षं लागत, हे कॅम्पातल्या जुन्या लोकांना पक्कं आठवतं.

व्हिजा वाढवत राहण्याचं आयुष्य कसं असतं, याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण मुंबईतच आहे. गायक अदनान सामी १३ मार्च २००१ रोजी एका वर्षाच्या व्हिजावर भारतात आले. तो व्हिजा वेळोवेळी वाढत गेला. २६ मे २०१५ रोजी त्यांच्या पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली आणि पाकिस्तानने तो वाढवून दिला नाही, तेव्हा त्यांना मानवतेच्या भूमिकेतून राहू देण्यात आलं. १ जानेवारी २०१६ पासून ते भारताचे नागरिक झाले. इतक्या नामांकित माणसाला जवळपास पंधरा वर्षं लागली.

मुंबईतलंच दुसरं प्रकरण याहून जास्त चटका लावतं. युगांडात जन्मलेली एक स्त्री १९६६ मध्ये लहानपणी आईच्या पासपोर्टवर भारतात आली. इथेच वाढली, इथेच तिचं लग्न झालं, मुलं झाली. पण तिच्या स्वतःच्या नावाचा पासपोर्ट कोणत्याच देशाने दिलेला नव्हता. २०२२ मध्ये साठी ओलांडल्यावर तिला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. लग्न होतं, पन्नासहून जास्त वर्षांचा निवास होता, नव्हता तो सुरुवातीचा एक कागद.

पिंपरीहून वीस-पंचवीस किलोमीटरवर चाकण आहे. तिथल्या जर्मन आणि कोरियन कंपन्यांमुळे या पट्ट्यात परदेशी सुनाही आल्या आहेत. त्यांचा हिशोब वेगळा चालतो. भारतीयाशी नोंदणीकृत लग्न होऊन सलग दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदार ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी पात्र होतो आणि जन्मभराचा व्हिजा मिळतो. मात्र न्यायालयाने घटस्फोट दिला तर ते कार्ड रद्द होऊ शकतं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व ज्याचं स्वतःचं किंवा पणजोबांपर्यंत कुणाचं होतं, त्याला ओसीआय मिळतच नाही. कॅम्पातल्या सुनेला म्हणूनच एलटीव्हीशिवाय दुसरा आधार नाही.

याच पट्ट्यातली मुलं परदेशात जातात तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न उलट्या बाजूने भेटतो. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पिंपरी आणि कॉव्हेंट्री यांच्यातली ये-जा वाढली. समजा, एक अभियंता कुशल कामगाराच्या व्हिजावर ब्रिटनला गेला आणि बायको त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिजावर गेली. त्या व्हिजावर पाच वर्षं झाली की तिलाही कायम वास्तव्य मागता येतं. पण नवऱ्याला आधी कायम वास्तव्य मिळालं आणि तिने मधेच व्हिजा बदलून ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या माणसाची पत्नी म्हणून दुसरा घेतला, तर त्या वाटेची पाच वर्षं शून्यापासून सुरू होतात. आधीची वर्षं फक्त दहा वर्षांच्या कायदेशीर निवासाच्या वेगळ्या वाटेत कामाला येतात. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्याची सर्वसाधारण मुदतच दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे असा बदल करण्याआधी दहादा विचार करावा लागतो. नातं तेच, घर तेच; व्हिजावरचं कारण बदललं की हिशोब बदलतो. या एका बाबतीत भारतातला पत्नीच्या नोंदणीचा नियम ब्रिटनपेक्षा उदार आहे, हे आवर्जून सांगायला हवं.

तरीही आपल्या नियमात एक मोठी उणीव आहे. पत्नीची वाट लग्न टिकलं तरच टिकते. सहाव्या वर्षी नवरा अपघातात गेला किंवा घटस्फोट झाला, तर ती स्त्री त्या वाटेवरून बाहेर पडते. तिचे आईवडील नागरिक नसतील आणि फाळणीनंतर जन्मलेले असतील, तर सात वर्षांच्या जागी बारा वर्षं मोजायची वेळ येते. जिने इथे मुलं वाढवली, तिच्या निवासाची वर्षं लग्नाच्या शेवटाबरोबर हलकी होऊ नयेत. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना पत्नीच्याच वाटेने अर्ज पूर्ण करू देणारी तरतूद पाचव्या कलमात यायला हवी. त्यात कुणावर मेहेरबानी नाही. तसंच भारतीय वंशाच्या व्याख्येत आजी-आजोबा पुन्हा धरायला हवेत, घटनाकारांनी ते धरलेच होते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिजा रद्द केले, तेव्हा हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले एलटीव्ही वैध राहतील असं लगेच स्पष्ट करण्यात आलं. भेटीच्या व्हिजावर असलेल्यांना मात्र परतण्याची तारीख मिळाली. एकाच घरातली, एकाच पंगतीत जेवणारी माणसं त्या आठवड्यात दोन वेगळ्या कागदांमुळे वेगळी झाली.

म्हणून ज्यांच्या घरात, शेजारात किंवा दुकानात असं कुटुंब आहे त्यांनी चार गोष्टी आजच बघाव्यात. भारतात प्रवेशाचा शिक्का असलेलं पासपोर्टचं पान आणि पहिल्या व्हिजाची प्रत सुरक्षित आहे का? एलटीव्हीची मुदत कधी संपते, आणि तिच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करायची आठवण कुणाकडे आहे? घरातल्या मुलांपैकी कोण अठराच्या जवळ आलं आहे, कारण अल्पवयीन मुलाची वाट वाढदिवसाबरोबर बंद होते. आणि सात वर्षं आधीच पुरी झाली आहेत का? एजंटच्या सांगण्यावर न थांबता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाकडे ताजा नियम विचारून घ्यावा. सिंधी पंचायती, कॅम्पातली व्यापारी मंडळं आणि विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी यांनी मिळून महिन्यातून एक रविवार अशा फाइली तपासायला दिला, तर पुष्कळ घरांची वर्षं वाचतील. ज्यांची सात वर्षं भरली आहेत, त्यांनी पुढच्या चेटीचंडाची, म्हणजे सिंधी नववर्षाची, वाट न पाहता या महिन्यातच अर्ज भरावा.